प्रोफेसर केळफांचे राजीनामे

१९०३ साली धुंडिराज गोविंद फाळके यांना सरकारी नोकरी लागली. पुरातत्त्व खात्यात, फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. वय तेहतीस. त्याआधीच्या पंधरा-सोळा वर्षांत या गृहस्थांनी काय काय केलं होतं याची यादी आजच्या एखाद्या एचआरवाल्यासमोर ठेवली, तर तो विचारेल, ‘पण तुम्हाला नक्की करायचंय काय?’

यादी अशी: त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याचा मुलगा. वडील मुंबईत कॉलेजात संस्कृत शिकवायला आले म्हणून हाही मुंबईत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला. मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, वास्तुकला, मातीकाम, जे मिळेल ते. गोध्र्याला स्वतःचा फोटो स्टुडिओ. तिथे प्लेग आला आणि बायको-मूल दोघांना घेऊन गेला. स्टुडिओ गुंडाळला. पुढे नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवणं. मध्येच एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकणं आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करणं. केळफा म्हणजे फाळके, उलटं वाचलेलं.

अशा माणसाला कायमची सरकारी नोकरी लागली. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं होतं. गिरिजा करंदीकर ही सासरी येऊन सरस्वती झाली होती. नातेवाइकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. आणि तीनेक वर्षांत फाळक्यांनी राजीनामा दिला.

फाळक्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला, डोक्यात ठिणगी पडली, बायकोचे दागिने गहाण टाकले, लंडन गाठलं, ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. दर ३ मे रोजी ही गोष्ट पन्नास सेकंदांच्या रीलमध्ये बसवून आपल्या फोनवर येते, आणि शेवटी एक वाक्य असतं की स्वप्नांवर विश्वास ठेवा, नोकरी सोडा. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९चा सिनेमा यापेक्षा कितीतरी शहाणा आणि फार गोड आहे. पण तोही १९१४ पाशी, फाळके दुसऱ्यांदा लंडनला जातात तिथे, संपतो. सिनेमाला कुठेतरी संपावंच लागतं. माणसाची गोष्ट मात्र पुढे तीस वर्षं चालली, आणि आज ज्याला आपण ‘करिअर आपल्या हातात घेणं’ म्हणतो, त्याबद्दल सांगण्यासारखं बरंचसं त्या तीस वर्षांत आणि त्या ठिणगीच्या आधीच्या दहा वर्षांत आहे. म्हणून सिनेमे जरा बाजूला ठेवून त्यांचे राजीनामे मोजावेत म्हणतो. मोठे तीन आहेत.

पहिला १९०६ च्या सुमाराचा. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली, स्वदेशी आणि बहिष्काराची हवा देशभर पसरली, महाराष्ट्रात ती टिळकांच्या बाजूने जोरात वाहत होती. स्वदेशी म्हणजे नुसती विलायती कापडाची होळी नव्हे. आपल्याकडे जे तयार होत नाही ते तयार करून दाखवणं, कारखाना काढणं, हा त्या चळवळीचा दुसरा अर्थ होता आणि हाताला कसब असलेल्या माणसाला तोच जास्त भिडत होता. सरकारी खात्यात लेण्यांचे फोटो काढणाऱ्या फाळक्यांना तो भिडला. त्यांनी भागीदार मिळवला आणि लोणावळ्याला ‘फाळकेज एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केलं.

लोणावळाच का? कारण पलीकडे मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. देवघरातल्या, दुकानातल्या भिंतीवरच्या लक्ष्मी-सरस्वती तिथून छापून देशभर जात होत्या. रंगीत चित्र छापायचं म्हणजे एकेका रंगासाठी वेगळा दगड. मूळ चित्राचा नेमका ठसा त्या दगडांवर उतरवणं हे किचकट काम. कॅमेऱ्याच्या मदतीने ते करता येऊ लागलं होतं आणि फाळक्यांना कॅमेराही येत होता, चित्रही येत होतं. त्यांनी त्या छापखान्यासाठी हे ठशांचं काम केलं. राजीनामा देताना त्यांच्याकडे स्वप्न होतं की नाही कोण जाणे, पण गिऱ्हाईक शेजारी होतं. रीलमध्ये हे येत नाही.

पुढे छापखाना मुंबईत दादरला आला, भागीदार बदलले. पुरुषोत्तम मावजी हे धनिक भागीदार झाले आणि नाव झालं ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’. १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची नवी यंत्रं घेऊन आले. छापखान्याचं नाव झालं, काम उत्तम होऊ लागलं. आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. कारखाना कसा चालवायचा यावरून वाद झाले आणि फाळके बाहेर पडले. एक पैसा पदरात न घेता.

हा दुसरा राजीनामा. माझ्या मते फाळक्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग, आणि त्यावर कोणी फारसं थांबत नाही. पहिल्या वेळी त्यांनी दुसऱ्याची नोकरी सोडली होती. या वेळी स्वतः उभा केलेला, स्वतःच्या कसबावर चालणारा धंदा सोडला, आणि सोडताना लक्षात आलं असणार की तो ‘स्वतःचा’ कधी नव्हताच. यंत्रं भांडवलाची होती. इमारत भांडवलाची होती. फाळक्यांच्या मालकीचं होतं ते फक्त हातातलं आणि डोक्यातलं, जे ते उठून चालू लागले तेव्हा आपोआप त्यांच्याबरोबर आलं. नवा छापखाना काढायला पैसे देऊ करणारे लोक होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी नाही म्हटलं.

वय चाळीस. घरात मुलंबाळं. हातात काम नाही. भागीदारांची बाजूही असणारच. फाळके हे सोबत काम करायला सोपे गृहस्थ नव्हते. हे पुढच्या इतिहासावरूनही दिसतं. एखाद्या गोष्टीचा दर्जा ठरवायचा अधिकार फक्त आपला, आणि त्याला लागेल तेवढा वेळ व पैसा दुसऱ्याने द्यायचा, ही भागीदारी कुठल्याही काळात टिकत नाही. पण याच हट्टामुळे छपाई चांगली होत होती, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहतात. ज्यांच्या ऑफिसात असा एखादा माणूस आहे (किंवा जे स्वतःच तो माणूस आहेत) त्यांना जास्त सांगायला नको.

या रिकाम्या दिवसांत, १९११ च्या एप्रिलमध्ये, गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी सिनेमा पाहिला. आधी मुलाबरोबर प्राण्यांचा, मग ईस्टरच्या निमित्ताने लागलेला ख्रिस्ताच्या जीवनावरचा. पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी सांगितलंय की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांना मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. ठिणगी ती हीच. पण ती कोणाच्या डोळ्यांत पडली ते पाहा. अनेक वर्षं ज्यांनी देवादिकांची चित्रं दगडांवर उतरवून छापली, त्यांच्या. त्या दिवशी त्या थिएटरात शेकडो लोक बसले होते. हलणारा देव पाहून, हा छापता येईल, असं वाटायला छापखान्याचा मालक, निदान माजी मालक, असावं लागत होतं.

मागे वळून पाहिलं की सगळे ठिपके रांगोळीत बसतात. फोटोग्राफीतून कॅमेरा आणि रसायनं आली. नाटकाच्या पडद्यांतून नेपथ्य. जादूच्या खेळांतून ट्रिकसीन: माणूस गायब करणं, देव प्रकट करणं. छापखान्यातून यंत्रं मागवणं, माणसं हाताळणं, तारखेला माल देणं. कोणी म्हणेल, बघा, काहीच वाया गेलं नाही. मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. गोध्र्यात जे गेलं ते गेलंच. आणि ठिपके काढत असताना रांगोळी कोणती होणार हे फाळक्यांना ठाऊक नव्हतं. चाळिशीत, बेकार, दोनदा नोकरी-धंदा सोडलेला, रोज सिनेमाला जाणारा आणि तिकिटांसाठी घरातलं सामान विकणारा माणूस शेजाऱ्यांना कसा दिसत असेल? ‘डोकं फिरलंय’ असाच. बरं, तो नुसता सिनेमे बघत नव्हता. मिळेल ते साहित्य जमवून रात्र रात्र प्रयोग करत होता. त्या ताणाने डोळे गेले. काही काळ दिसेनासं झालं आणि उपचारांनी, वेगवेगळे चष्मे लावून, हळूहळू नजर परत आली. चित्रकार, फोटोग्राफर आणि छपाईवाला, तिन्ही धंदे डोळ्यांचे. तेव्हा त्या घरात काय वातावरण असेल याचं वर्णन कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानात मी ऐकलेलं नाही.

इथून पुढचं वर्ष मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. कारण ‘उडी’ म्हणून जी सांगितली जाते ती उडी नाहीच. विमा पॉलिसी तारण ठेवून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. ओळखीचं कोणी नाही. ‘बायोस्कोप’ नावाचं सिनेमाविषयक साप्ताहिक ते वाचत असत, त्याच्या कचेरीत थेट जाऊन उभे राहिले. संपादक कॅबोर्न यांनी आधी सरळ सांगितलं की या फंदात पडू नका, इथेही निर्माते बुडताहेत आणि हिंदुस्थानच्या हवेत हे जमायचं नाही. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या माणसाला यातलं कळतं. मग त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांनी सगळी खाती हिंडून पाहिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं आणि प्रती छापायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली, आणि १ एप्रिलला मुंबईत परत. लंडनचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा.

आता लगेच ‘राजा हरिश्चंद्र’? नाही. आधी वाटाणा.

कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि तो उगवून वेल होईपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तो वाटाणा पाहता पाहता जमिनीतून वर येतो, पानं फुटतात, वेल सरसरत चढतो. फोटोग्राफीचं सामान विकणारे त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी आणि इतर काहींना हा तुकडा दाखवला आणि त्यावर पैसे उभे राहिले.

मला हा वाटाणा हरिश्चंद्रापेक्षाही आवडतो. त्यात नट नाहीत, पोशाख नाहीत, नेपथ्य नाही, खर्च जवळपास शून्य. पण कॅमेरा चालवता येतो, फिल्म धुता येते, प्रत काढता येते, आणि डोळ्याला जे दिसत नाही ते पडद्यावर दाखवता येतं, या चारही गोष्टी एका दाण्याने सिद्ध केल्या. शिवाय रोज तीच कुंडी, तोच कॅमेरा, एक चौकट आणि बस. आदल्या वर्षी डोळे गेलेल्या माणसाने हे केलं. धाडस म्हणजे काय याची माझी कल्पना बदलायला हे पुरेसं आहे.

तरीही पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंबद्दल आता लिहायलाच हवं, कारण त्यांचं नाव सहसा दागिन्यांपुरतं येतं. दादरच्या घरालाच स्टुडिओ करून चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, कारण नटाच्या तोंडावर उजेड परावर्तित करायला दुसरं साधन नव्हतं. फिल्म धुण्याची रसायनं कालवत. आणि रात्री, सगळं आवरल्यावर, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडत. तेव्हा फिल्म कोरी यायची, कडेची भोकं आपली आपण पाडावी लागत, आणि उजेड लागला तर माल फुकट.

एक साधा हिशेब करून पाहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. म्हणजे एका प्रतीला सुमारे पावणेपाच लाख भोकं. वाया गेलेली फिल्म, मूळ निगेटिव्ह आणि इतर प्रती यात धरलेल्याच नाहीत. काम यंत्राने होत असलं तरी ते चालवणारे हात होते, आणि त्या हातांनी दिवसभर भाकऱ्या थापलेल्या होत्या. एकही भोक चुकलं तर पडद्यावर चित्र उडी मारणार.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा फाळक्यांनी सरस्वतीबाईंना विचारलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. एवढी कामं अंगावर असताना तारामती कुठून होऊ, असा त्यांचा सवाल होता म्हणे. अख्ख्या प्रकरणात ‘नाही’ म्हणण्याची त्यांची ही एकच जागा मला सापडते. राजीनामा द्यायला आधी हुद्दा असावा लागतो. फाळक्यांनी तीनदा राजीनामा दिला. प्रत्येक वेळी त्याच संसारात दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची होती, आणि ते काम कोणाकडे होतं हे विचारावं लागत नाही. ‘जोखीम घ्या’ असा सल्ला ऐकताना मला हे आठवतं. जोखीम कोण घेतं आणि ती कोणाच्या डब्यातून जाते, हे दोन वेगळे प्रश्न असतात.

तारामती शेवटी अण्णा साळुंके झाले. ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात ते कामाला होते. सिनेमात काम करणं इतकं हलकं समजलं जाई की फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारलं तर म्हणा हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. या शब्दाचं आपण हसू करतो, पण तो काही नुसता बहाणा नव्हता. फाळक्यांच्या लेखी तो कारखानाच होता. स्वदेशी कारखाना. त्यांनी १९१७ च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही काढला. त्यात ते स्वतः दिसतात: दिग्दर्शन करताना, फिल्मची पट्टी पारखताना. कामाचा अभिमान आणि कारागिराचा नेमकेपणा दोन्ही त्यात आहेत.

३ मे १९१३. गिरगावचं कोरोनेशन सिनेमा. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. सुरतेचा किस्सा मात्र सांगायला हवा. तिथे पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला म्हणतात. नाटक सहा-सहा तास चालायच्या त्या काळात एवढ्याशा खेळाला पैसे कोण देणार? फाळक्यांनी जाहिरात केली: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी उसळली. यातला छायाचित्रांचा आकडा बऱ्यापैकी खरा आहे; ३,७०० फूट गुणिले १६ करून पाहा. दोन मैल मात्र काही केल्या होत नाहीत, पाऊण मैलसुद्धा जेमतेम भरतो. पहिला आकडा छापखानेवाल्याचा, दुसरा प्रोफेसर केळफांचा.

मग कारखाना नाशिकला गेला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या आल्या आणि पडद्यावर बायकांच्या भूमिका बायका करू लागल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं आणि तिथेच राहून, तिथल्या पैशांवर, भारतीय चित्रपट काढण्याचा प्रस्ताव आला. फाळक्यांनी तो नाकारला. आपल्या देशात हा धंदा उभा करायचा म्हणून तर सगळा खटाटोप होता. इथे टाळ्या पडतात, आणि पडाव्यातच. पण ते परत आले तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता आणि घरात कर्ज होतं.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने ते फेडलं. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच. हा सिनेमा इतका चालला की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशा आख्यायिका आहेत. यशाबरोबर भांडवल आलं. लोकमान्य टिळक आणि रतनजी टाटा यांनी फाळक्यांसाठी कंपनी उभी करायची खटपट केली होती, ती सिद्धीस गेली नाही. १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे आणि मुंबईचे काही व्यापारी यांच्यासह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ झाली. त्यांचे पैसे, फाळक्यांचं काम. ‘वर्किंग पार्टनर’ असा त्यांचा हुद्दा होता.

वाचणाऱ्याच्या पोटात इथे गोळा यायला हवा. कारण ही लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सचीच दुसरी आवृत्ती आहे. नाशिकची कंपनी म्हणजे नाटक कंपनीच्या बिऱ्हाडासारखं मोठं कुटुंब. नट तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ तिथे झाले. ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि पाण्याखाली नागाशी झुंजली. आजही तो चित्रपट बघता येतो. मुलगी कमालीची आहे. पण हिशेबाच्या वह्या आपट्यांकडे होत्या. खर्च किती, वेळ किती, कोणाला विचारून, यावरून खटके उडू लागले. भागीदारांनी पैसा घातला होता, त्यांनी हिशेब मागणं स्वाभाविक होतं. फाळक्यांनी हिशेब मागितला जाणं हाच अपमान मानला असावा. १९१९ मध्ये तिसरा राजीनामा पडला.

या वेळी ते नुसते कंपनीतून नाही, सिनेमातूनच निघाले. बायकामुलांना घेऊन थेट काशीला. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं लांबलचक नाटक लिहिलं. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांनी परत या म्हणून साकडं घातलं तेव्हा फाळक्यांनी कळवलं की सिनेमाच्या दृष्टीने मी मेलो आहे. कोल्हटकर पक्के पत्रकार. त्यांनी ते छापलं. मग वाचकांची पत्रं आली, तीही छापली. मृत्यूलेखांसारखा हा गठ्ठा काशीला पोचत राहिला. इकडे ‘रंगभूमी’ रंगभूमीवर आलं, पण चाललं नाही.

१९२२ च्या सुमारास फाळके नाशिकला परतले. त्याच कंपनीत. भागीदार म्हणून नव्हे. निर्मितीचे प्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, महिन्याच्या पगारावर.

बावन्न वर्षांचा माणूस, ज्याने हा धंदा या देशात रुजवला, तो आपणच उभ्या केलेल्या कारखान्यात पगाराच्या रांगेत उभा राहतो. अनेक लेखक हे एका वाक्यात उरकतात, जणू पाहुण्यांसमोर झाकून ठेवायची गोष्ट आहे. मला तसं वाटत नाही. १९०६ मध्ये फाळक्यांनी पगार सोडला तेव्हा पगार म्हणजे परकी चाकरी होती. १९२२ मध्ये त्यांनी पगार घेतला तेव्हा हिशेबाची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात होती आणि कॅमेरा त्यांच्या हातात होता. पुढच्या काही वर्षांत त्यांनी तिथे भराभर चित्रपट केले. मालकी, पैसा आणि काम या तिन्हींवर एकाच वेळी ताबा त्यांना आयुष्यात कधीच मिळाला नाही; दोनदा पैशाशी भांडून ते कामालाही मुकले, तिसऱ्यांदा मालकी सोडून काम घेतलं. हा सौदा त्यांनी खुशीने केला की नाइलाजाने, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येत नाही. पण केला डोळे उघडे ठेवून, हे नक्की.

भांडणं संपली असं मात्र नाही. स्वभाव पगारावर येत नाही. पुढेही कंपनीशी कुरबुरी झाल्या, मध्ये स्वतःचा वेगळा डाव मांडून पाहिला, परत आले. तोवर दुसरंच संकट दारात होतं. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट पुरा होईपर्यंत बोलपट आले होते. त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. हिंदुस्थान कंपनी बंद पडली. कोल्हापूरच्या महाराजांच्या कंपनीसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट केला, सदुसष्टाव्या वर्षी. त्यात गंगा उतरते, शंकर जटा उघडतो, ट्रिकसीन आहेत. पण तोपर्यंत पुण्यात प्रभात, मुंबईत बॉम्बे टॉकीज उभ्या राहिल्या होत्या. प्रेक्षकांना देव प्रकट होण्याचं नवल उरलं नव्हतं. देव काय बोलतो हे त्यांना ऐकायचं होतं.

सिनेधंद्याने आपला रौप्यमहोत्सव केला तेव्हा फाळके तिथे आले होते आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. व्ही. शांतारामांनी ते पाहिलं, मदतीचं आवाहन केलं, आणि जमलेल्या रकमेत ‘प्रभात’ची भर घालून ती त्यांना दिली. त्यातून नाशिकला डोक्यावर छप्पर झालं. घराचं नाव फाळक्यांनी ठेवलं, ‘हिंद सिने जन्माश्रम’.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता आणि चित्रपट काढायला सरकारी परवाना लागू लागला. फाळक्यांनी अर्ज केला. वय त्र्याहत्तर. अर्ज नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकच्या त्याच घरात ते वारले.